आठवा ठोका

कोल्हापुरात मंडळ नसलेला चौक शोधून सापडायचा नाही, आणि पाटीवर 'तरुण' हा शब्द नसलेलं मंडळ तर त्याहून नाही. त्यामुळे राजारामपुरीतल्या नलवडे बेकरीच्या मागच्या खोलीत दर रविवारी जमणाऱ्या दहा-बारा जणांनी स्वतःला 'सात-आठ तरुण मंडळ' म्हणवून घेतलं, तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मंडळातल्या सगळ्यात तरुण सभासदाचे गुडघे दुखायचे, ती गोष्ट वेगळी.

हे मंडळ गणपती बसवायचं नाही की दहीहंडी बांधायचं नाही. ते फक्त ऐकायचं, आणि तेही प्रोग्रेसिव्ह रॉक. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ह्यात गिटार, ड्रम, की-बोर्ड असं सगळं रॉकचंच सामान असतं, पण गाणं तीन-चार मिनिटांत आवरत नाही. वीस-वीस, तीस-तीस मिनिटं चालतं, मध्येच वळतं, भलत्याच गावाला जाऊन येतं. आणि ठेका? आपल्या नेहमीच्या गाण्यात चार नाहीतर आठ ठोके असतात, पाय आपोआप पडतात. इथे सात ठोक्यांचं आवर्तन सर्रास चालतं. आठवा येणार म्हणून तुम्ही पाय उचलावा, तर गाणं पुन्हा एकवर जाऊन पोचलेलं असतं. ह्या मापाला रॉकवाले सात-आठ म्हणतात, त्यावरूनच मंडळाचं नाव पडलं होतं.

असले बँड ना रेडिओवर लागत, ना लग्नात वाजत. ते कळायचे एकाच मार्गाने, एका वेड्याकडून दुसऱ्या वेड्याला. म्हणून मंडळाने एक रीत घालून घेतली होती. नवा बँड आणणाऱ्याने सगळ्यांसमोर म्हणायचं, 'मी जामीन.' मग ऐकणाऱ्यांनी त्याच्या चार फेऱ्या करायच्या, म्हणजे चार वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं, आणि तोवर तोंड उघडायचं नाही. ह्या संगीताचं असं आहे की पहिल्या फेरीला डोकं उठतं, दुसरीला चीड येते, तिसरीला काहीतरी हाताला लागतं, आणि चौथीनंतर माणूस जन्मभराचा त्या बँडचा होऊन बसतो. चार फेऱ्या करूनही नाहीच आवडलं, तर जामीन राहणाऱ्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची.

मंडळ सुरू झाल्यापासून उज्ज्वला नलवडेला एकदाही मिसळ खिलवावी लागली नव्हती. बेकरी तिची, मागची खोली तिची, आणि खोलीतले ते दोन अवजड स्पीकरही तिचेच. वय साठीकडे झुकलेलं. खारी, बटर आणि टोस्ट ह्यांत अख्खं आयुष्य गेलेलं. पण तिच्या कानाचा तिला भारी अभिमान होता, आणि तो ती लपवायच्या भानगडीतही पडत नसे. माझा कान म्हणजे सोनाराचा काटा, असं ती गिऱ्हाइकाचं टोस्ट मापता मापता सांगायची.

त्याहून मोठा अभिमान होता लेकीचा. ऋतुजा पुण्यात 'रसिक' बनवणाऱ्या कंपनीत होती, आणि साधीसुधी नव्हती, रसिकचं जे डोकं होतं ते तिच्या टोळीने घडवलं होतं.

रसिक हे कानात बसणारं वाटाण्याएवढं यंत्र. त्यामागचं शास्त्र ऐकायला सोपं आहे. गाणं ऐकताना आपला मेंदू सारखा पुढचा अंदाज बांधत असतो, की आता हा सूर येईल, आता हा ठोका पडेल. अंदाज बरोबर आला तर बरं वाटतं, थोडासा चुकला तर जास्त मजा येते, फारच चुकला तर माणूस वैतागतो. प्रत्येक चुकीसरशी मेंदूत विजेची एक बारीकशी लाट उठते, आणि तिचा पुसटसा अंश कानाच्या पोकळीत मोजता येतो. रसिक ती लाट मोजायचा. गाणं सुरू झाल्यावर मिनिटभराच्या आत त्याला कळायचं की हे तुम्हाला आवडणार की नाही. तुम्हाला कळायच्या आधी. मग तो तुम्हाला आवडेल असंच पुढचं गाणं लावायचा, त्याच्या पुढचंही तसंच.

रसिक बाजारात आला त्या दिवशी उज्ज्वलाने अख्ख्या गल्लीला फुकट खारी वाटली. मंडळाच्या एकेका सभासदाला स्वतःच्या हाताने रसिक भेट दिला. माझ्या पोरीने केलंय हे, असं प्रत्येकाला दोन-दोनदा सांगितलं.

आणि मग मागच्या खोलीतल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या व्हायला लागल्या. भांडण नाही, रुसवा नाही. घरबसल्या कानात हवं तसं वाजत असताना रविवारची झोप मोडून कशाला कोण येतंय? नवीन काय ऐकलंस, हा प्रश्नच लोक विचारेनासे झाले. ज्याचं त्याचं गाणं ज्याच्या त्याच्या कानात. उज्ज्वलाला वाईट वाटायचं, पण कुणाला दोष देणार? यंत्र पोटच्या पोरीचं होतं. शेवटी खोलीत ती आणि बशीर असे दोघंच उरले.

बशीर शिकलगार तिचा कॉलेजपासूनचा दोस्त. शिरोली नाक्यावर त्याचं टायरचं दुकान होतं, आणि तरुणपणी तो हलगी अशी वाजवायचा की मिरवणूक पुढे सरकायची नाही. भेट मिळालेला रसिक त्याने एकदाच घातला होता, कानात खाजतं म्हणून काढून ठेवला तो कायमचा. एका रविवारी तो आला तो नुसता फुलून आलेला. परभणीची चार पोरं, बँडचं नाव 'उंच टाकी', कारण नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीखाली ती सराव करतात. त्यांचं अडतीस मिनिटांचं एकच गाणं आहे, त्याचं नाव 'गाळ'. परभणीहून येणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरने त्याला ते ऐकवलं होतं.

"उज्ज्वला, मी जामीन," तो म्हणाला. इतक्या महिन्यांत तो शब्द त्या खोलीत कुणी उच्चारला नव्हता.

ती म्हणाली, स्पीकरची वायर सैल झालीय, मी घरी ऐकते. आणि तिने रीत पाळली हो, अगदी इमानाने पाळली. रसिक कानात घालून चार फेऱ्या पूर्ण केल्या. गाणं छान होतं, कुठे टोचलं नाही, बोचलं नाही. कढी प्यावी तसं घशाखाली उतरलं. पण म्हणून त्याच्यासाठी वेडं व्हावं असंही त्यात काही नव्हतं.

पुढच्या रविवारी मिसळीच्या टेबलावर तिने तसं सांगून टाकलं. गुळगुळीत आहे रे, ह्यात काय एवढं? बशीरला आधी थट्टाच वाटली. मग तो चमच्याने ताटलीच्या कडेवर 'गाळ'मधला सुरुवातीचा ठेका वाजवायला लागला, निदान हे तरी तिला आठवावं म्हणून. उज्ज्वलानेही टेबलावर बोटं धरली. दोघांचे ठोके एकदा जुळले, की लगेच फिसकटायचे. पुन्हा जुळवले, पुन्हा फिसकटले.

"बशीर, तुझा ठेका चुकतोय," ती हसत म्हणाली. "वय झालं लेका तुझं."

बशीरने चमचा खाली ठेवला. वाद घातला नाही. रीतीप्रमाणे मिसळ त्याच्याकडे लागली होती, ती त्याने खिलवली, तिला रस्सा वाढून घ्यायचा आग्रहही केला. आणि त्यानंतरच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

उज्ज्वला पहिल्यांदा चिडली. एवढ्याशा बोलण्याचा इतका राग? मग तिने ठरवलं की त्याला पुराव्यानिशी दाखवायचं. गाणं स्पीकरवर लावायचं, आपला ठेका त्यावर धरायचा, ते रेकॉर्ड करून त्याला पाठवायचं, म्हणजे गडी वठणीवर येईल. तिने सैल वायर घट्ट केली, धूळ झटकली, कानातला रसिक काढून टेबलावर ठेवला आणि 'गाळ' लावलं.

पहिल्या झटक्याला तिला वाटलं की भलतंच गाणं लागलंय. गिटार खरखरत होती, ढोल अंगावर येत होता. तिने तळहाताने मांडीवर ठेका धरला. सहा, सात, आणि आठव्यासाठी हात वर उचलला तोच गाणं पुन्हा एकवर येऊन आदळलं. तिचा तळवा हवेतच राहिला. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. गाणं सातात होतं. बशीरचा ठेका बरोबर होता, आणि सात-आठ तरुण मंडळाची ही मालकीण चार फेऱ्या आठात ऐकून बसली होती.

तिने ऋतुजाला फोन लावला. ऋतुजा आधी हसली, मग खुलली. लोक पहिल्याच मिनिटात कितीतरी गाणी टाकून देतात म्हणून तिनेच रसिकमध्ये 'समतोल' नावाची नवी सोय बसवली होती. मेंदूतली चिडीची लाट उठायला लागली की रसिक गाणं बदलत नाही, तो तेच गाणं वाजता वाजता जरासं घासून देतो. कर्कश सूर मऊ करतो, आणि मोडलेला ठेका पुरा करतो.

"मोडलेला?" उज्ज्वलाने विचारलं. "अगं, आपल्या रूपक तालात सात मात्रा असतात. तोही पुरा करता का तुम्ही?"

"शास्त्रीय तो ओळखतो गं, त्याला हात लावत नाही. पण रॉकमध्ये सात आले, तर तो वाजवणाऱ्याची चूक धरतो आणि आठवा भरतो." मग ऋतुजाने विचारलं, "तुला चार वेळा ऐकूनही कळलं नाही, आई? तुला? म्हणजे किती छान जमलंय बघ."

पोरीच्या आवाजात निव्वळ आनंद होता. तिच्या आयुष्यातला सगळ्यात तिखट कान तिच्या यंत्राने फसवला होता, आणि ही बातमी ती आईलाच सांगत होती. पोरगी हुशार, ह्याचा अभिमान उज्ज्वलाला त्या क्षणीसुद्धा वाटला, आणि त्याच क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की तिने दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला.

त्या संध्याकाळी ती शिरोली नाक्यावर गेली. बशीर एका टेम्पोचं चाक काढत बसला होता. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. माझा कान सोनाराचा काटा म्हणायची, तो काटाच कुणीतरी वाकवून ठेवला होता आणि मला पत्ता नव्हता, असंही म्हणाली. बशीरने पाना बाजूला ठेवला, हात पुसले.

"स्पीकरवर किती फेऱ्या झाल्या?" एवढंच त्याने विचारलं.

"एक. डोकं उठलं."

"मग तीन राहिल्या की."

राहिलेल्या तीन फेऱ्या दोघांनी मिळून केल्या, बेकरीच्या मागच्या खोलीत, खारीच्या डब्यांमध्ये बसून. दुसऱ्या फेरीला उज्ज्वलाला उठून जावंसं वाटलं. तिसऱ्या फेरीला तो तुटका ठेका तिला चालीसारखा वाटायला लागला, डोक्यावर घागर घेऊन उताराने येणारी बाई जशी घाईत पाऊल टाकते, तशी. चौथ्या फेरीला शेवटची पाच मिनिटं तिने डोळे मिटून घेतले आणि उघडले तेव्हा ते भरलेले होते. बशीर खुशीत होता, आणि ती खुशी लपवायची त्याला काही गरज नव्हती. उज्ज्वलाने त्याला सांगितलं की मिसळ आता माझ्याकडे लागली. तो म्हणाला, मिसळीचं नंतर बघू, आधी तू कुणाला तरी जामीन राहा.

आता कुणाला जामीन राहायचं? परभणीच्या त्या पोरांचं गाणं रसिक लोकांना घासून ऐकवत होता, आणि घासलेलं ऐकून लोक म्हणत होते, ठीक आहे. जीव टाकावा असं कुणालाच वाटत नव्हतं. बँडमधली गाणारी पोरगी, किमया लोखंडे, बशीरला फोनवर म्हणाली होती की हे वर्ष बघणार, नाहीतर टाकीखालचं सामान विकून कामाला लागणार.

मग उज्ज्वलाने कंबर कसली. टोस्ट घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती मापून द्यायची आणि मग विचारायची, अडतीस मिनिटं आहेत का? रसिक काढून मागच्या खोलीत बसायचं, चार रविवार यायचं, आवडलं नाही तर खारीचा डबा माझ्याकडून. लोकांना आधी ही बाई खुळावली असंच वाटलं. एका बँकेतल्या साहेबाने दोन फेऱ्यांत पळ काढला आणि डबा मागायला मात्र न चुकता आला. तिने दिला. पण चौथ्या फेरीपर्यंत टिकणारेही निघाले. एक पेट्रोल पंपावरची मुलगी, एक दातांचे डॉक्टर, एक निवृत्त पोस्टमन. त्यांना उज्ज्वलाने दुसरी अट घातली होती. आवडलं तर मला सांगू नका, एका माणसाला जामीन राहा आणि त्याला स्पीकरवर ऐकवा. डॉक्टरांनी इचलकरंजीच्या साडूला ऐकवलं. त्या साडूने यंत्रमागाच्या कारखान्यातलं आपलं अख्खं खातं गोळा केलं. पोस्टमननी कुणाकुणाला गाठलं ते देवच जाणे, त्यांच्या ओळखीचं नाही असं गाव नव्हतं.

खरी परीक्षा दिवाळीत झाली. ऋतुजा घरी आली, आणि उज्ज्वलाने फराळाचं ताट तिच्या पुढ्यात ठेवून म्हटलं, "ऋतू, मी जामीन."

ऋतुजाने कपाळाला हात लावला. रोज असलं संगीत मोजायचंच माझं काम आहे, मला काय ऐकवतेस, असं ती म्हणाली. उज्ज्वलाने तिच्या कानाकडे बोट दाखवलं. ऋतुजाने कुरकुरत रसिक काढला. पहिल्या दोन फेऱ्या तिने फोन बघत काढल्या. तिसऱ्या फेरीला ती रागाने उठली आणि आईला बरंच बोलली. हे ऐकून लोकांना त्रास होतो आई, मी तो त्रास काढला, त्यात मी पाप केलं का? उज्ज्वलालाही राग आला होता, पण तिने तो गिळला. तू पाप नाही केलंस, पण मला आवडायला जो वेळ लागला असता तो तू काढून घेतलास, एवढंच म्हणाली. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, बॅग भरून झाल्यावर, ऋतुजा आपण होऊन मागच्या खोलीत गेली आणि चौथी फेरी तिने एकटीने केली. बाहेर आली ती थेट गाडीत बसली. आवडलं की नाही हे आईने विचारलं नाही, कारण आवडलं तर मला सांगू नका ही अट तिचीच होती.

पुढे काय झालं ते उज्ज्वलाला दुसऱ्यांकडून कळलं. कंपनीच्या मोठ्या बैठकीत, जिथे समतोलचं कौतुक व्हायचं होतं, तिथे ऋतुजाने उभं राहून सांगितलं की आपण लोकांना न विचारता गाणी बदलतो आहोत आणि हे त्यांना कळलं पाहिजे. तिने 'गाळ' आधी घासलेलं लावलं, मग आहे तसं. खूप वादावादी झाली. समतोल काही कुणी काढला नाही, तेवढी धमक कंपनीत नव्हती. पण रसिकमध्ये एक बटण आलं. कुणी तुम्हाला एखादं गाणं सुचवलं असेल तर त्या माणसाचं नाव घालायचं, म्हणजे चार वेळा ऐकेपर्यंत रसिक त्या गाण्याला हात लावणार नाही. त्या बटणाचं नाव ऋतुजाने हट्टाने 'जामीन' ठेवलं होतं. त्या दिवशी उज्ज्वलाने पुन्हा गल्लीला खारी वाटली, आणि ह्या वेळी कारण विचारणाऱ्याला ती बसवून पहिल्यापासून सांगत होती.

उन्हाळ्यात उंच टाकी कोल्हापूरला आली. मोठं नाट्यगृह परवडणारं नव्हतं, म्हणून बशीरच्या ओळखीने एक मंगल कार्यालय मिळालं. व्यासपीठावर नवरा-नवरीच्या खुर्च्या बाजूला सारून ड्रम मांडला होता, मागे कुणाच्या तरी लग्नाची झेंडूची फुलं तशीच होती. हॉल भरला. माणसं दारातही उभी होती, इचलकरंजीची एक बसच्या बस आली होती. मंडळाचे सगळे जुने सभासद आले होते, गुडघेदुखीसकट.

किमया समोर आली. लहानखुरी, चष्मा लावलेली पोरगी. गर्दी बघून तिने आधी चष्मा पुसला. मग ती म्हणाली, "आमच्या कानावर आलंय की तुमच्यात एक रीत आहे. ज्याचा जामीन इथे असेल, त्याने आपल्या जामिनाच्या खांद्यावर हात ठेवावा."

हॉलमध्ये गडबड उडाली. माणसं खुर्च्यांमधून वाट काढायला लागली. मागावरचे कामगार त्या साडूकडे, साडू डॉक्टरांकडे. पोस्टमनच्या दोन्ही खांद्यांवर जागा उरली नाही. आणि मग डॉक्टर, पोस्टमन, पेट्रोल पंपावरची मुलगी, सगळे आपापली शेपटी घेऊन पहिल्या रांगेकडे यायला लागले. उज्ज्वलाच्या खांद्यावर एक हात पडला, दुसरा पडला, मग तिला मोजता येईना. तिने स्वतःचा हात शेजारच्या बशीरच्या खांद्यावर ठेवला. बशीरचा जामीन ट्रक घेऊन कुठल्याशा रस्त्यावर असणार, म्हणून त्याने दाराच्या दिशेने हात उंच करून ठेवला. उज्ज्वलाला अभिमान वाटला. आयुष्यभर मिरवला त्या अभिमानापेक्षा हा वेगळा होता, ह्यात तिच्या कानाचा वाटा थोडाच होता आणि तरी हा तिला जास्त आपला वाटला.

तेवढ्यात मागून कुणीतरी गर्दी सारत आलं. एक हात सगळ्यांच्या हातांमधून वाट काढून तिच्या मानेजवळ येऊन टेकला. ओळखायला तिला मागे वळावं लागलं नाही.

"पुण्याची गाडी उशिरा सुटली," ऋतुजा तिच्या कानाशी म्हणाली. "आई, माझी जामीन तू."

ड्रम सुरू झाला. 'गाळ'चा तोच ठेका. लेकीची बोटं आईच्या खांद्यावर हळूहळू ठोके धरायला लागली, आणि उज्ज्वला श्वास रोखून मोजत राहिली. पाच, सहा, सात. आणि बोटं थेट एकवर आली.

तिने पुन्हा मोजलं. पुन्हा सात, पुन्हा एक. आठवा ठोका कुठेच नव्हता.